शेठ वालचंद हिराचंद : उद्योग आणि संघटना

आमच्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ते आमच्याच ज्ञातीतील कोणा पूर्वजाचे असते. या खेपेस मात्र आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत ते शेठ वालचंद हिराचंद आमच्या ज्ञातीचे नव्हते. त्यांचा जन्म सोलापुरात स्थायिक झालेल्या एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला होता. परज्ञातीय गृहस्थाच्या चरित्राला आमच्या स्मरणिकेत स्थान कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर या चरित्रातच आहे, म्हणून आम्ही ते येथे आधी देत नाही. इतकेच सांगतो की, आमच्या मंडळाचे बहुसंख्य सभासद दुकानदार, आडते, कंत्राटदार आणि छोटे कारखानदार आहेत. धंद्यातील अडचणींशी एकट्याने झुंजावे की संघटित होऊन, आणि संघटित व्हावयाचे तर कोणाबरोबर, हा प्रश्न त्यांच्यापुढे आज उभा आहे. शेठजींनी तो शंभर वर्षांपूर्वी आपल्यापुरता सोडविला होता.

शेठ वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचा व्यापार व सावकारी करणारे सोलापुरातील प्रतिष्ठित गृहस्थ होते. जैन समाजाच्या सुधारणेसाठी मराठी नियतकालिक काढण्याइतकी त्यांची दृष्टी व्यापक होती. मातेचे छत्र लहानपणीच हरपलेल्या वालचंदांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही काळ काढला; परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. पेढीची गादी तयार होती, पत तयार होती, गिऱ्हाईक तयार होते. अशा घरातील तरुणाने वडिलांच्या वह्या पुढे चालवाव्यात आणि सुखाने राहावे, हीच त्या काळची रीत होती. वालचंदांचे मन त्या गादीवर रमले नाही.

त्याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील कारकुनीतून कंत्राटी कामाकडे वळलेले गृहस्थ. त्यांच्याजवळ कामाचे ज्ञान होते, मोजमापाची दृष्टी होती, रेल्वेच्या कचेरीत कागद कसा चालतो याची माहिती होती. भांडवल मात्र नव्हते. वालचंदांजवळ भांडवल व पत होती. मुरूम किती खोदला म्हणजे किती ब्रास भरतो हे ठाऊक नव्हते. एक जैन सावकाराचा मुलगा आणि एक ब्राह्मण कारकून यांनी मिळून फाटक-वालचंद ही भागीदारी उभी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा तुकड्याचे काम अंगावर घेतले. १८९७ साली सुरू झालेल्या या अरुंद मार्गाच्या विस्ताराचे काम तेव्हा चालू होते. येथूनच पुढच्या साऱ्या कारकिर्दीचा पाया घातला गेला.

या भागीदारीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. आमच्याकडे भागीदार शोधावयाचा म्हटले की मेव्हणा, चुलतभाऊ, फार तर गावकीतील कोणी, यापलीकडे दृष्टी जात नाही. नात्यातील माणूस विश्वासाचा असतो हे खरे. परंतु जे आपल्याजवळ आहे तेच बहुधा त्याच्याजवळही असते, आणि जे आपल्याजवळ नाही ते त्याच्याजवळही नसते. भागीदारीचा उपयोग उणीव भरून काढण्यासाठी असतो. वालचंदांनी आपल्यासारखाच दुसरा सावकार शोधला असता, तर सोलापुरात आणखी एक सावकारी पेढी निघाली असती, रेल्वेचा मार्ग बांधला गेला नसता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात या पेढीने लष्करी बांधकामाची मोठी कामे केली. १९२० साली टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली आणि फाटक-वालचंद पेढीचा व्यवसाय तीत सामील झाला. पुढे १९२६ साली शेठजींनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्याचे काम हे या कंपनीच्या आरंभीच्या कामांपैकी होय. तोपर्यंत अशी कामे परदेशी कंपन्यांनीच करावयाची, आणि देशी माणसाने त्यांच्या हाताखाली माती वाहण्याचे पोटकंत्राट घ्यावयाचे, असा जणू अलिखित नियम होता.

शेठजींचे नाव ज्या कार्यामुळे देशभर झाले ते कार्य मात्र डोंगरात नव्हे, समुद्रावर घडले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आणि परदेशांशी होणारा जहाजव्यापार त्या काळी जवळजवळ सर्वस्वी ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होता. या कंपन्यांनी आपसांत गट बांधला होता, आणि त्या गटात शिरू पाहणाऱ्या देशी कंपनीला बुडविण्याची त्यांची रीत ठरलेली होती. जमशेटजी टाटांनी १८९३ च्या सुमारास जपानी कंपनीच्या साह्याने चीन-जपानकडे जाणारी जहाजे सुरू केली, तेव्हा ब्रिटिश कंपनीने भाड्याचे दर इतके खाली आणले की माल जवळजवळ फुकट जाऊ लागला. टाटांना माल देण्याचे वचन दिलेले मुंबईचे व्यापारी एकेक करून त्या स्वस्त दराकडे वळले. टाटांची जहाजे बंद पडली आणि दर पुन्हा वर चढले. १९०६ साली तुतिकोरिन येथे चिदंबरम पिळ्ळे यांनी काढलेल्या स्वदेशी जहाज कंपनीचीही हीच गत झाली. उतारूंना फुकट नेणे, वर छत्री भेट देणे, असे उपाय तिच्याविरुद्ध योजले गेले.

याहूनही प्रभावी असे दुसरे एक शस्त्र होते, ते म्हणजे रोखून धरलेली सूट. जो व्यापारी ठरावीक मुदतीत आपला सगळा माल गटातील कंपन्यांच्याच जहाजांतून पाठवील, त्याने भरलेल्या भाड्यातील काही भाग त्याला परत मिळावयाचा. पण ही रक्कम लगेच हाती पडत नसे. पुढच्या मुदतीतही तो एकनिष्ठ राहिला तरच ती मिळे. मध्यंतरी एखादे पोते जरी देशी जहाजातून गेले, तरी साचलेली सगळी सूट बुडे. व्यापाऱ्याचाच पैसा, कंपनीच्या तिजोरीत, आणि त्याच पैशाच्या भयाने व्यापारी बांधलेला! हा फास व्यापाऱ्यांनी आपल्या गळ्यात आपण होऊन घालून घेतला होता, कारण प्रत्येकाला आपल्यापुरती सूट दिसत होती आणि सर्वांचे मिळून होणारे नुकसान कोणाच्याच खातेवहीत लिहिले जात नव्हते.

हा सर्व पूर्वेतिहास ठाऊक असूनही शेठजी या क्षेत्रात उतरले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धकाळात रुग्णनौका म्हणून दिलेले एक जहाज विकावयाचे होते. मूळचे १८९१ साली बांधलेले हे जहाज ‘लॉयल्टी’ या नावाने ओळखले जात असे. शेठजींनी आपल्या सहकाऱ्यांसह ते विकत घेतले. त्यासाठी जे चौघे एकत्र आले त्यांची नावे पाहण्याजोगी आहेत : नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास, किलाचंद देवचंद आणि वालचंद हिराचंद. एक भाटिया, एक नागर, एक पाटणचा वाणी आणि एक सोलापूरचा जैन. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबई बंदरातून लंडनकडे प्रयाण केले. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो या सफरीच्या स्मरणार्थ.

पुढे अपेक्षेप्रमाणे दरयुद्ध पेटले. ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाचे भाडे खाली खाली ओढले गेले आणि नव्या कंपनीचे नुकसान वाढू लागले. ब्रिटिश गटाचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांनी सारी कंपनीच विकत घेण्याची तयारी दाखविली. भागधारकांना पैसे सुटले असते आणि संचालकांची चिंता मिटली असती. परंतु तो प्रस्ताव नाकारण्यात आला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा तह झाला. किनाऱ्यावरील मालवाहतुकीत सिंदियाला मर्यादित जागा मिळाली. परदेशची वाट मात्र तिला बंद झाली. हा तह शेठजींच्या मनाला सदैव डाचत राहिला. तरीही कंपनी जिवंत राहिली हे महत्त्वाचे. तिच्या आधीच्या कित्येक देशी कंपन्यांच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाल्यावर अध्यक्षपदाची धुरा शेठजींकडे आली आणि १९५० पर्यंत ती त्यांनी वाहिली. १९३९ साली कोकणकिनाऱ्यावर उतारू नेणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या ताब्यात आली.

या झगड्यातून शेठजी जे शिकले ते आमच्या मते त्यांच्या चरित्राचे सार आहे. एका कंपनीजवळ कितीही भांडवल असले, तरी नियम, दर आणि कर ज्या ठिकाणी ठरतात तेथे तिचा आवाज पोचत नाही. तेथे आवाज पोचतो तो संघटनेचा. मुंबईत युरोपियन व्यापाऱ्यांचे चेंबर १८३६ पासून होते. देशी व्यापाऱ्यांनी १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. परंतु सोलापूर, नगर, नाशिक, जळगाव, सातारा अशा ठिकाणच्या व्यापाऱ्याची रेल्वेचे वाघिणीभाडे, कापसाची प्रतवारी वा बाजाराचे नियम यांबद्दलची तक्रार मुंबईत मांडणार कोण? ही उणीव ओळखून शेठजींनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली आणि तिचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. अखिल भारतीय पातळीवरील व्यापारी-उद्योजकांचा महासंघही त्याच वर्षी निघाला. १९३२-३३ साली शेठजी त्याचेही अध्यक्ष झाले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या संस्थेला त्यांनी प्रांताचे नाव दिले, ज्ञातीचे नव्हे. जैन समाजात त्यांना मान होता, शब्दाला वजन होते. ज्ञातीची व्यापारी सभा काढली असती तर एका दिवसात सभासद मिळाले असते. परंतु रेल्वेच्या दरपत्रकात ज्ञातीचा रकाना नसतो. लिंगायत आडत्याच्या पोत्याला जे भाडे पडते, तेच मराठा, जैन, मारवाडी वा मुसलमान व्यापाऱ्याच्या पोत्याला पडते. दुःख समाईक असेल तर उपायही समाईक हवा, हे साधे गणित त्यांनी मांडले.

संघटनेच्या बळाचे फळ साखरेच्या धंद्यात स्पष्ट दिसले. मालेगावजवळील रावळगाव येथे १९२३ साली शेठजींनी सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली तेव्हा ती माळरानच होती. तेथे ऊस उभा राहावयास काही वर्षे गेली. १९३२ साली देशी व्यापाऱ्यांच्या सामुदायिक मागणीनंतर साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी रावळगावचा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, कळंब येथे दुसरी वसाहत वसली. ती आज वालचंदनगर म्हणून प्रसिद्ध आहे. रावळगावचीच गोळ्या-चॉकलेटे पुढे महाराष्ट्रातील मुलांच्या तोंडी झाली.

वयाची साठी जवळ आली असताना शेठजींनी जी तीन कामे आरंभिली, ती पाहून आजही मन थक्क होते. म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे त्यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी काढली. युद्धपरिस्थितीमुळे १९४२ साली ती सरकारने आपल्याकडे घेतली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टण येथे जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला बसली. पुढील वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले आणि काम विस्कळीत झाले. तरी १४ मार्च १९४८ रोजी त्याच गोदीत बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. तिसरे काम मोटारींचे. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास मोटारी बाहेर पडू लागल्या.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यावर १९५० मध्ये शेठजी निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आजही चालू आहे.

त्यांनी उभारलेल्या संस्थांचे पुढे काय झाले, हेही वाचकांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. सिंदिया कंपनी कालांतराने अस्तास गेली. प्रीमियरच्या मोटारींचे उत्पादन थांबले. विमानांचा कारखाना व विशाखापट्टणची गोदी सरकारी मालकीची होऊन आजही काम करीत आहेत. रावळगावच्या गोळ्यांचे नाव २०२४ साली दुसऱ्या उद्योगसमूहाने विकत घेतले. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन व वालचंदनगरचा कारखाना चालू आहेत. खाजगी उद्योगाचे असेच असते. तो वाढतो, विकला जातो, कधी मिटतो. परंतु १९२७ साली लावलेले चेंबरचे रोप उद्योग व शेती यांनाही आपल्या नावात सामावून घेऊन आज महाराष्ट्रभर पसरले आहे. ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हते, म्हणूनच ते कोणाबरोबर बुडाले नाही.

आता या चरित्रातून आमच्या व्यापारी व कंत्राटदार बांधवांनी व्यवहारात काय घ्यावे, ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट भागीदारीची. भागीदार नात्यातला असो वा परका, करार लेखी असावा आणि पेढीची नोंदणी निबंधकाकडे झालेली असावी. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या पेढीला करारातील येणे वसूल करण्यासाठी तिऱ्हाइताविरुद्ध न्यायालयात दावा लावता येत नाही. बाजारातील येणे बुडू लागले म्हणजे नोंदणीची आठवण होते. ती आधी झालेली बरी.

दुसरी गोष्ट निविदेची. फाटकांना मोजमाप येत होते म्हणून वालचंदांचे भांडवल सुरक्षित राहिले. केवळ शेजाऱ्यापेक्षा कमी आकडा लिहावयाचा म्हणून निविदा भरू नये. मजुरी, वाहतूक, पावसाळ्यातील खाडे आणि बिल मिळण्यास लागणारा विलंब यांचा हिशेब आधी मांडावा. तोट्यातले काम मिळविणाऱ्याने स्वतःचे तर नुकसान केलेच. परंतु पुढच्या वर्षीचा बाजारभावही सर्वांसाठी पाडून ठेवला.

तिसरी गोष्ट सवलतीची. मोठ्या कंपन्या व घाऊक विक्रेते आजही वर्षअखेरीच्या सुटीचे, केवळ आमचाच माल ठेवा या अटीचे, आमिष दाखवितात. अशी योजना स्वीकारण्यापूर्वी पैसा केव्हा हाती पडणार, कोणत्या अटीने बुडणार आणि योजना संपल्यावर दर काय राहणार, हे लेखी विचारून घ्यावे. जहाजांच्या भाड्यातील सुटीची गोष्ट येथे विसरू नये.

चौथी गोष्ट उधारीची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाने पुरविलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे, लेखी करारात मुदत ठरली असली तरी, पंचेचाळीस दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत. आमच्यापैकी जे कारखानदारी करतात वा सेवा पुरवितात त्यांनी नोंदणी करून घ्यावी आणि प्रत्येक बिलावर नोंदणीचा क्रमांक व तारीख लिहावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट संघटनेची. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा नियम समजेनात म्हणून प्रत्येक दुकानदार एकटाच आपल्या कर-सल्लागाराकडे धावत होता. ज्या गावी व्यापारी मंडळ जागे असते, तेथे अशा अडचणी एकत्र करून, आकड्यांसह, लेखी मांडता येतात. तक्रार एकट्याची असली तर तिला गाऱ्हाणे म्हणतात. तीच दोनशे जणांनी पुराव्यासह मांडली की तिला निवेदन म्हणतात. म्हणून आमच्या प्रत्येक व्यापारी सभासदाने आपल्या गावच्या व्यापारी मंडळाचे सभासद व्हावे, वर्गणी वेळेवर भरावी आणि सभेला जाऊन बसावे. वर्गणी न भरता मंडळ काही करीत नाही असे म्हणणे आम्हांस शोभत नाही.

असे लिहिताना आम्ही आमच्या ज्ञातिमंडळाचे महत्त्व कमी करीत आहोत, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मुलामुलींच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वृद्धांची विचारपूस, अडल्यानडल्याला मदत, ही कामे ज्ञातिमंडळच जिव्हाळ्याने करू शकते आणि ती त्याने करीत राहावीत. परंतु घराची ओसरी वेगळी आणि बाजारपेठ वेगळी. बाजारपेठेत शेजारच्या दुकानदाराला ज्ञात विचारून हात पुढे करावयाचा, ही सवय आम्ही जितक्या लवकर सोडू तितके आमचे हित आहे. तेथे उभे राहताना खांद्याला खांदा लावावयाचा तो शेजाऱ्याच्या, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो. शेठ वालचंद हिराचंद यांनी आपल्या ज्ञातीचा अभिमान कधी सोडला नाही, आणि आपल्या धंद्याला ज्ञातीचे कुंपणही कधी घातले नाही. त्यांच्या चरित्राला आमच्या स्मरणिकेत स्थान का, या आरंभीच्या प्रश्नाचे हेच आमचे उत्तर आहे.